लहान आरमार आणि विमानवाहू नौका : ‘विक्रांत’च्या अनुभवाचा ऐतिहासिक विचार

सारांश :
विमानवाहू नौका हे आधुनिक आरमारातील सर्वांत मोठे, सर्वांत खर्चिक आणि सर्वांत प्रतिष्ठेचे जहाज होय. मर्यादित साधने असलेल्या राष्ट्राने ते बाळगावे काय, हा प्रश्न भारतात १९५७ पासून वादाचा राहिला आहे. प्रस्तुत लेखात ‘आय.एन.एस. विक्रांत’ या पहिल्या भारतीय विमानवाहू नौकेच्या १९६१ ते १९९७ या सेवाकाळाचा विचार केला आहे. त्यासाठी मराठ्यांच्या आरमारी परंपरेतील जहाजांच्या आकाराविषयीचा विचार आणि इतर लहान आरमारांचा अनुभव यांची तुलना केली आहे. अशा जहाजाची उपयुक्तता जहाजात कमी आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत अधिक असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना :
खडवलीच्या काठाने वाहणारी भातसा पुढे काळू आणि उल्हास या नद्यांच्या प्रवाहात मिसळते आणि तिचे पाणी कल्याणच्या खाडीत उतरते. याच खाडीच्या काठी, कल्याण-भिवंडीचा प्रदेश १६५७ च्या अखेरीस स्वराज्यात आल्यानंतर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. कल्याणचा दुर्गाडी किल्ला आजही त्या आरंभाची साक्ष देतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे स्वदेशी बनावटीची नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले आणि त्या ध्वजावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला असल्याचे सांगण्यात आले. सुमारे वीस हजार कोटी रुपये खर्चून बांधलेल्या, सुमारे ४५,००० टनांच्या नौकेवर ज्या आरमाराचे चिन्ह फडकले, ते आरमार मात्र मुख्यतः लहान व मध्यम गलबतांचे होते. या विसंगतीत एक महत्त्वाचा ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्याकडे पैसा कमी, गोद्या कमी आणि शत्रू प्रबळ, अशा आरमाराने आपली शक्ती एका मोठ्या जहाजात ओतावी की अनेक लहान जहाजांत वाटावी?

आजचे भारतीय नौदल लहान म्हणता येणार नाही. परंतु १९६१ मधील नौदल निश्चितच लहान होते. म्हणून ‘विक्रांत’चा इतिहास हा या प्रश्नाचा आपल्या घरातील पुरावा आहे. तिचे मुख्य ठाणे मुंबई होते, तिची दुरुस्ती मुंबईच्या नौदल गोदीत होत असे आणि तिचा अंतही मुंबईतच झाला.

जहाजाच्या आकाराविषयी मराठ्यांचा विचार :
कल्याण-भिवंडीच्या पहिल्या जहाजबांधणीत पोर्तुगीज कारागिरांचा हात होता. परंतु पोर्तुगीज सत्तेच्या दबावामुळे ते काम अर्धवट सोडून निघून गेले. परक्या तंत्रज्ञानावर उभे राहणारे आरमार परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, हा धडा आरंभीच मिळाला. पुढे गुराब, गलबत, तारू, मचवा, शिबाड, पाल, संगमेश्वरी अशा विविध प्रकारांचे आरमार उभे राहिले. यांपैकी अनेक जहाजे उथळ पाण्यात चालणारी आणि वारा पडल्यास वल्ह्यांनी हाकता येणारी होती.

या रचनेचा कस १६७९ च्या खांदेरी प्रकरणात लागला. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी आपल्या जहाजांनिशी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी झालेल्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. मात्र ‘रिव्हेंज’ या मोठ्या फ्रिगेटने टिकाव धरला आणि मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली. लढाईचा हिशेब एवढाच मांडला तर विजय मोठ्या जहाजाचा ठरतो. परंतु खांदेरीला रसद पोहोचवणे, हे त्या आरमाराचे मुख्य काम होते आणि लहान होड्या रात्रीच्या वेळी उथळ पाण्यातून ते काम करीत राहिल्या. शेवटी नाकेबंदी उठली आणि बेट मराठ्यांकडेच राहिले. आरमाराचे मूल्य त्याच्या जहाजांच्या आकारावरून नव्हे, तर नेमून दिलेले काम पार पडले की नाही यावरून ठरते, हे यातून दिसून येते.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरले आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम प्रतीच्या असाव्यात, असा त्यातील उपदेश आहे. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग होत नाही अशी थोर जहाजे करण्याचे कारण नाही, असेही अमात्य बजावतात. आरमारासाठी लाकूड कोठून आणि कोणत्या परवानगीने तोडावे, याचेही नियम ते घालून देतात. म्हणजे जहाजाचा आकार, त्याची स्वयंपूर्णता आणि त्यामागील साधनसामग्री या तीन गोष्टींचा विचार येथे एकत्र झाला आहे. मोठेपणाविषयी अमात्यांना तिटकारा नाही. परावलंबी मोठेपणाविषयी मात्र त्यांचा इशारा स्पष्ट आहे.

‘विक्रांत’ची खरेदी आणि तिचा पहिला दशकभराचा काळ :
‘विक्रांत’ मुळात ब्रिटिश नौदलासाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेली नौका होती. १९४३ मध्ये तिच्या बांधणीस आरंभ झाला आणि १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले. परंतु दुसरे महायुद्ध संपल्याने काम थांबले. जानेवारी १९५७ मध्ये भारताने हा अपुरा सांगाडा विकत घेतला आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तो पुरा करून घेतला. तिरका डेक, बाष्पचलित कॅटापुल्ट अशा तत्कालीन सुधारणा त्यात करण्यात आल्या. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला मुंबईत आली. तिच्या स्वागतास पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. पूर्ण भारासह सुमारे १९,५०० टनांच्या या नौकेवर सी हॉक ही लढाऊ जेट विमाने आणि अलिझे ही पाणबुडीविरोधी विमाने होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नौदल आराखड्यांत एकाहून अधिक विमानवाहू नौकांची कल्पना होती. प्रत्यक्षात मिळाली ती एकच. ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. कोणतेही जहाज सर्व काळ समुद्रात राहू शकत नाही. एक काळ कामगिरीचा, एक सरावाचा आणि एक गोदीतील दुरुस्तीचा, असे त्याचे चक्र असते. दोन किंवा तीन जहाजे असतील तर एक तरी हाताशी राहते. एकच असेल तर युद्धाची वेळ आणि दुरुस्तीची वेळ एक न येण्यावर सारी भिस्त राहते.

डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या वेळी ‘विक्रांत’ गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर गस्तीवर होती. ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी प्रत्यक्ष लढाई ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटांनी केली. ‘विक्रांत’चे काम धाक ठेवण्याचे होते आणि तिच्या विमानांना बॉम्बफेक करावी लागली नाही.

१९६५ च्या युद्धात मात्र एकच जहाज असण्याची उणीव उघडी पडली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि व्हाइस ॲडमिरल भास्कर सोमण नौदलप्रमुख होते. अशा दोन मराठी व्यक्तींकडे त्या वेळी आरमाराची धुरा होती. परंतु युद्ध पेटले तेव्हा ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. ती बुडवल्याच्या वल्गना शत्रूपक्षाने केल्या, पण बुडवण्यासाठी ती समुद्रातच नव्हती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नौदलाच्या हालचालींवर शासनाने घातलेल्या मर्यादाही या निष्क्रियतेस कारणीभूत होत्या, हे विसरता येणार नाही. तरीही ज्या जहाजासाठी एवढा खर्च केला ते गरजेच्या वेळी उपलब्ध नव्हते, ही वस्तुस्थिती उरते. ‘पांढरा हत्ती’ ही टीका याच काळात बळावली.

१९७१ : एकाच युद्धातील दोन उत्तरे :
१९७१ च्या युद्धाने या प्रश्नाला एकाच महिन्यात दोन निरनिराळी उत्तरे दिली. म्हणूनच अभ्यासकाच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे ठरते.

१९७० मध्ये ‘विक्रांत’च्या बॉयलरच्या जलपात्रांना तडे गेल्याचे आढळले. वेल्डिंगने त्यांची दुरुस्ती होण्यासारखी नव्हती आणि बदली सुटे भाग ब्रिटनमधून यावयाचे होते. कारागीर निघून गेल्याने कल्याणच्या खाडीत जी अडचण आली होती, तीच तीन शतकांनी मुंबईच्या गोदीत नव्या रूपाने उभी राहिली. १९७१ च्या मार्चपासून कमी दाबाने बॉयलर चालवून चाचण्या घेण्यात आल्या. नौका समुद्रात नेण्याचा निर्णय झाला, परंतु तिचा वेग लक्षणीय घटला होता. विमानवाहू नौकेच्या बाबतीत वेगाचा अर्थ केवळ लवकर पोहोचणे एवढाच नसतो. नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने चालते, तेव्हा डेकवरून वाहणारा वारा आणि कॅटापुल्टचा रेटा मिळून विमानाला उचलतात. वेग कमी असेल तर निसर्गाने दिलेल्या वाऱ्यावर अधिक अवलंबून राहावे लागते. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणाऱ्या थोर जहाजांविषयीचा अमात्यांचा इशारा शिडांच्या युगासाठी होता, तरी वाफेच्या युगातही तो लागू पडला.

अशा अवस्थेतील नौका पश्चिमेच्या समुद्रात ठेवणे धोक्याचे होते. तेथे पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्या होत्या आणि किनाऱ्यावरील विमानतळही जवळ होते. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांच्या कारकिर्दीत ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात पाठविण्याचा निर्णय झाला. पूर्वेकडे शत्रूचे हवाई बळ तुटपुंजे होते आणि भारतीय हवाई दलाने ढाक्याची धावपट्टी निकामी केल्यावर तेही उरले नाही. पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात विशाखापट्टणमकडे पाठविली. नौका अंदमानच्या आश्रयाला होती आणि ती विशाखापट्टणमजवळ असल्याचा आभास व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी निर्माण केला होता. ३-४ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली.

४ डिसेंबर रोजी ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. पुढील दिवसांत खुलना, मोंगला येथील बंदरे व नौकानयन लक्ष्य झाले. भारतीय हवाई दलाची विमाने चितगावपर्यंत पोहोचत होतीच, मग ‘विक्रांत’ची गरज काय होती, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु बंदरावर एखादा हल्ला करून परतणे आणि दिवसेंदिवस समुद्रात उभे राहून त्या बंदराचा मार्ग बंद ठेवणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पूर्व पाकिस्तानातील सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळू न देणे आणि निसटू न देणे, हे दुसरे काम होते. ‘विक्रांत’ने आपल्या संरक्षक नौकांसह ते केले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या नौकेच्या अधिकारी-नौसैनिकांना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली.

त्याच ४ डिसेंबरच्या रात्री पश्चिमेकडे ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. जेमतेम दोनशे ते अडीचशे टनांच्या या सोव्हिएत बनावटीच्या नौका मुळात किनारा राखण्यासाठी होत्या आणि त्यांचा पल्लाही थोडा होता. त्यांना मोठ्या जहाजांच्या सोबतीने शत्रूच्या दाराशी नेण्यात आले. त्यांनी ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने पुन्हा कराची गाठली आणि तेथील तेलसाठ्यांना आग लागली. भारताचा नौदल दिन ४ डिसेंबरला येतो तो याच लहान नौकांच्या पराक्रमामुळे. नौदलाचा अभिमान विमानवाहू नौकेवर फडकतो आणि नौदलाचा सण मात्र गलबतांच्या वारसदारांचा असतो.

तथापि लहान नौकांचेही गुणगान एकांगी ठरेल. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट ‘हंगोर’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. पाणबुडी शोधणारी विमाने ज्या आरमाराजवळ पुरेशी नाहीत, त्याला आपल्याच किनाऱ्याजवळ काय किंमत मोजावी लागते, हे या घटनेने दाखवले. युद्धनौकांना विमानांचे छत्र हवे, यात शंका नाही. ते छत्र किनाऱ्यावरून धरावे की समुद्रातून, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

इतर लहान आरमारांचा अनुभव :
‘विक्रांत’च्याच पिढीतील हलक्या ब्रिटिश विमानवाहू नौका अनेक देशांनी घेतल्या. नेदरलँड्सने १९६८ मध्ये, कॅनडाने १९७० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये आपापली शेवटची विमानवाहू नौका निवृत्त केली व तिच्या जागी दुसरी घेतली नाही. हे देश गरीब नव्हते. मित्रराष्ट्राच्या मोठ्या आरमाराचा आधार असल्याने त्यांना ती चैन सोडता आली. भारताला असा आधार नव्हता, हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

नेदरलँड्सची नौका पुढे ‘वेइंतिसिंको दे मायो’ या नावाने अर्जेंटिनाकडे गेली. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश नौकांवर तिची विमाने सोडण्याचा बेत होता. पण त्या दिवशी वारा पडला आणि पूर्ण शस्त्रभारासह विमाने उडविणे शक्य झाले नाही. त्याच दिवशी ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडवली. त्यानंतर ही विमानवाहू नौका बंदरात परतली ती युद्ध संपेपर्यंत बाहेर पडली नाही. तिची विमाने मात्र किनाऱ्यावरील तळांवरून लढली आणि त्यांनी ब्रिटिशांचे नुकसानही केले. म्हणजे विमाने उपयोगी ठरली, पण नौकेचा उपयोग झाला नाही.

थायलंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९९७ मध्ये त्या देशाने ‘चक्री नारुएबेत’ ही लहान विमानवाहू नौका घेतली. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट कोसळले. तिच्यावरील हॅरियर विमाने २००६ मध्ये निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी दुसरी आली नाहीत. आपत्तीच्या वेळी मदतकार्यासाठी ती उपयोगी पडते. पण विमानांशिवाय विमानवाहू नौका म्हणजे बैलांवाचून गाडा.

याउलट फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व करणारी ‘हर्मिस’ यशस्वी ठरली. तीच १९८७ मध्ये ‘विराट’ म्हणून भारतात आली. तिच्या यशामागे दुसरी विमानवाहू नौका, पाणबुड्या, पुरवठा जहाजे आणि अनुभवी गोद्या होत्या. जहाजाचे गुण आणि त्यामागील व्यवस्थेचे गुण वेगळे करता येत नाहीत.

‘विक्रांत’चा उत्तरकाळ :
१९८७ नंतर भारताकडे प्रथमच दोन विमानवाहू नौका होत्या. परंतु ‘विक्रांत’ तोवर वृद्ध झाली होती. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि त्यानंतर २०१३ मध्ये ‘विक्रमादित्य’ येईपर्यंत पुन्हा एकच नौका उरली. ‘विक्रांत’ २००१ पासून मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती. मुंबई-ठाणे परिसरातील एका पिढीने विमानवाहू नौका प्रथम पाहिली ती येथेच. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले, २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना नौका भंगारात विकली गेली आणि दारूखान्यात ती मोडण्यात आली. युद्धात वाचलेली नौका शांततेत टिकवण्याचा खर्च आपल्याला पेलला नाही. ही भावनेची बाब खरीच, पण हिशेबाचीही आहे. मोठ्या जहाजाची किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही, ती तेव्हा सुरू होते.

नव्या ‘विक्रांत’च्या संदर्भातही हे दिसते. नौका २०२२ मध्ये दाखल झाली, तर नौदलासाठी २६ राफेल मरीन विमाने घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. तिसरी विमानवाहू नौका हवी की तेवढ्याच पैशात पाणबुड्या हव्यात, हा वाद अद्याप मिटलेला नाही. म्हणून जुन्या ‘विक्रांत’चा अभ्यास हा केवळ स्मरणरंजनाचा विषय राहत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लहान आरमारासाठी एकच विमानवाहू नौका ही भरवशाची शक्ती नसते. १९६५ मध्ये ती गोदीत होती आणि १९७१ मध्ये ती सदोष बॉयलरवर चालली. एक घ्यायची असेल तर दुसरीची तरतूद त्याच निर्णयाचा भाग असली पाहिजे.

२) १९७१ चे यश हे जहाजाच्या बळाइतकेच योग्य समुद्राच्या निवडीचे यश होते. शत्रूचे हवाई बळ जेथे दुबळे होते तेथे ‘विक्रांत’ निर्णायक ठरली. जेथे ते प्रबळ होते तेथे लहान क्षेपणास्त्र नौकांनी काम केले.

३) संरक्षक नौका, पाणबुडीविरोधी विमाने, सुटे भाग आणि स्वतःची गोदी यांचा खर्च जो देश करू शकत नाही, त्याने हे जहाज घेऊ नये. अर्जेंटिना आणि थायलंड यांचा अनुभव हेच सांगतो.

४) भारतापुरते बोलायचे तर ‘विक्रांत’ व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. तिच्यावर घडलेल्या वैमानिकांच्या व तंत्रज्ञांच्या पिढ्यांमुळेच पुढील नौका चालवता आल्या. मात्र हा लाभ प्रदीर्घ काळ खर्च सोसल्यावर मिळाला, हेही तितकेच खरे.

कल्याणच्या खाडीत पहिली गलबते बांधली गेली तेव्हा राज्य लहान होते आणि समुद्रावरील शत्रू मोठे होते. त्या वेळी जहाजाचा आकार ठरवण्यापूर्वी त्याचे काम ठरवले गेले. नौदलाच्या ध्वजावर आज तो वारसा अष्टकोनाच्या रूपाने आहे. तिसऱ्या नौकेचा निर्णय घेताना, ती वाऱ्यावाचून आणि परक्याच्या मदतीवाचून चालेल काय, हा अमात्यांचा प्रश्न आधी विचारला गेला, तर तो वारसा निर्णयातही उतरला असे म्हणता येईल.